पाण्यातली दोरी माशाला दिसते. मग?

विचारणाऱ्याचा प्रश्न थोडक्यात असा: "मी महागातला फ्लोरोकार्बन लीडर (गळाजवळचा पारदर्शक प्लास्टिकच्या दोरीचा तुकडा) लावतो, कारण तो पाण्यात दिसत नाही म्हणतात. माझा मित्र माझ्या शेजारीच पिवळ्याधमक ब्रेडला, म्हणजे बारीक धाग्यांच्या विणलेल्या दोरीला, सरळ गळ बांधतो आणि माझ्यापेक्षा जास्त मासे काढतो. दोरी दिसते की नाही याने माशाला खरंच फरक पडतो का, की हे सगळं दोऱ्या विकणाऱ्यांचं बोलणं?"

थोडं हे, थोडं ते. दोरी माशाला दिसते. फ्लोरोकार्बनसुद्धा दिसतो. आणि बऱ्याचदा दिसूनही मासा घास घेतो. काही पाण्यांत, काही माशांच्या बाबतीत मात्र त्या दिसण्यापायी आख्खा दिवस कोरडा जातो, हेही मी अनुभवलंय. पण इतकी वर्षं गळ टाकल्यावर माझं एक मत पक्कं झालंय. "माशाने दोरी पाहिली" असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा त्याला आमिषाची चाल खटकलेली असते. ती चाल बिघडवते दोरीची जाडी आणि ताठपणा. मग आपण बारीक दोरी लावतो, मासा लागतो आणि आपण म्हणतो, "बघ, आता दिसली नाही!"

आधी डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. एकदा नितळ, छातीभर पाण्यात मी एका आडव्या काठीला चार दोऱ्या शेजारी शेजारी लोंबत्या बांधल्या: साधा पारदर्शक तंगूस (नायलॉनची एकपदरी दोरी), तेवढ्याच जाडीचा फ्लोरोकार्बन, हिरवा ब्रेड आणि पिवळा ब्रेड. प्रत्येकीच्या टोकाला शिशाचा मणी. मग मास्क लावून खाली गेलो. आडवं पाहिलं, म्हणजे दोरीच्या मागे नुसतं हिरवट पाणी, तेव्हा पिवळा ब्रेड लगेच दिसला. तंगूस मधूनमधून चकाकत होता, हिरवा ब्रेड बराचसा विरला होता आणि फ्लोरोकार्बन शोधावा लागला. इथवर जाहिरात खरी. मग तळाला पाठ टेकून वर पाहिलं. वर उजळ आकाश आणि त्यावर चारही दोऱ्या गडद. पिवळा कुठला, हिरवा कुठला, सांगता येईना. फ्लोरोकार्बन त्यातल्या त्यात फिका, पण त्याच्या कडा स्पष्ट. सूर्याच्या बाजूला वळलो तर तंगूस आणि फ्लोरोकार्बन दोन्हींवर उजेडाची बारीक रेघ वरखाली धावत होती. ब्रेड तिथे उलट गप्प होते.

तेव्हापासून "कोणती दोरी दिसत नाही?" असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, "मासा कुठून बघतोय?"

आता यामागचं थोडं शास्त्र. पारदर्शक वस्तू पाण्यात किती लपते हे तिचा अपवर्तनांक (ती उजेड किती वाकवते तो आकडा) पाण्याच्या किती जवळ आहे यावर ठरतं. पाण्याचा १.३३, फ्लोरोकार्बनचा साधारण १.४२, नायलॉनचा साधारण १.५३. हे आकडे घेऊन हिशोब केला तर सरळ समोरून पडलेल्या उजेडातला अर्धा टक्का पाण्यातला नायलॉन परतवतो, आणि फ्लोरोकार्बन जेमतेम एक दशांश टक्का. फरक पाचपट आहे, खोटा नाही. पण आणखी एक आकडा पाहा. हवेत तोच नायलॉन चार टक्क्यांहून जास्त उजेड परतवतो. म्हणजे हातात चकाकणारा साधा तंगूससुद्धा पाण्यात शिरला की आठ-नऊ पट फिका पडतो. दुकानात बल्बखाली दोरी फिरवून "ही फार चमकते" म्हणणारे लोक पाहिले की मला हे सांगावंसं वाटतं, पण मी सांगत नाही.

तरीही फ्लोरोकार्बन अदृश्य का होत नाही? कारण १.४२ म्हणजे १.३३ नव्हे. शिवाय दोरी गोल असते. गोल दोरी म्हणजे लांबच लांब भिंग. ती मागचा उजेड वाकवते, त्यामुळे मधे उजळ पट्टा आणि कडांना गडद रेघ उमटते. उजेड तिरका पडला की परतण्याचं प्रमाणही वाढतं, आणि गोल पृष्ठभागावर कुठला ना कुठला भाग तिरका असतोच. "फ्लोरोकार्बनचा लेप असलेली" दोरी मिळते, तिची तर आणखी गंमत. लेपामुळे बाहेरची चमक थोडी कमी होते, पण आत नायलॉनच असतो आणि तो उजेड नायलॉनसारखाच वाकवतो.

काचेच्या ग्लासात पाणी भरून दोन दोऱ्या बुडवायच्या आणि कुठली दिसेनाशी होते ते पाहायचं, ही चाचणी सगळे करून दाखवतात. तिच्यावर विसंबू नका. आपण बाहेरून, हवेतून, वाकड्या काचेतून, खोलीच्या उजेडात पाहत असतो. मागे सूर्य नसतो, वर लखलखतं आकाश नसतं, पाण्यात धूळ नसते. मासा यातल्या कुठल्याच परिस्थितीत बसून पाहत नाही.

आणखी एक गोष्ट कुणी बोलत नाही: बुडबुडे. नवी, गुळगुळीत दोरी पाण्यात पडली की तिला हवेचे बारीक थेंब चिकटतात. पाण्यातला हवेचा बुडबुडा आरशासारखा चमकतो, कारण तिरका उजेड त्यावरून पूर्ण परत फिरतो. मी फ्लोरोकार्बनला चिकटलेले असे चंदेरी मणी पाण्याखालून पाहिलेत. दोरी लपलेली आणि मण्यांची माळ मात्र झगमगतेय. तीच गत ओरखडे पडलेल्या दोरीची. खडकाला घासून पांढुरकी झालेली दोरी उजेड चारी बाजूंना उधळते. मग ती कशाची बनलीय याला अर्थ राहत नाही. ओल्या फडक्यातून लीडर दोनदा ओढून घेणं आणि घासलेला तुकडा कापून टाकणं, याने जेवढं साधतं तेवढं महागडी दोरी घेऊनही साधत नाही.

रंगांबद्दल. लाल दोरी पाण्यात "गायब होते" असं छापलेलं तुम्ही वाचलं असेल. त्यात अर्धं सत्य आहे. स्वच्छ पाणी लाल उजेड सर्वांत आधी गिळतं. काही मीटर खाली गेलं की लाल फारसा उरत नाही, आणि निळा सर्वांत खोल जातो. पण लाल उजेडच नाही तिथे लाल दोरी नाहीशी होत नाही, ती काळी दिसते. निळ्या पाण्यात काळी रेघ. याला लपणं म्हणत असतील तर म्हणोत. शिवाय हे निळ्या, स्वच्छ पाण्याचं झालं. शेवाळी पाण्यात हिरवा उजेड जास्त खोल पोहोचतो, आणि कुजलेल्या पानांनी चहासारख्या झालेल्या पाण्यात निळा आधी मरतो, तांबूस टिकतो. एकच रंग सगळीकडे लपेल ही आशा सोडलेली बरी. पाण्याच्याच रंगाची थोडी मळकट दोरी, एवढा नियम पुरतो. तोही मासा आडवा पाहत असेल तोवर.

खालून पाहणाऱ्या माशासाठी रंगाचा प्रश्नच उरत नाही. पाण्याखालून वर पाहिलं की बाहेरचं सगळं जग साधारण ९७ अंशांच्या एका गोल खिडकीत गोळा झालेलं दिसतं. त्या खिडकीबाहेर पाण्याचा पृष्ठभाग आरसा होतो आणि त्यात तळाचं प्रतिबिंब दिसतं. दोरी त्या उजळ खिडकीत आली की पिवळी असो, हिरवी असो, ती गडद रेघ असते. तिथे एकच गोष्ट कामाची: रेघ किती बारीक. आणि पृष्ठभागाच्या अगदी जवळची दोरी तिरकी पाहिली तर आरशातल्या प्रतिबिंबासकट, म्हणजे दुहेरी दिसते.

माशाच्या डोळ्याकडे येऊ. लोकांना वाटतं माशाची नजर घारीसारखी. तसं नाही. डोळस माणूस साधारण एक कोनीय मिनिट, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढा तपशील वेगळा ओळखतो. गोल्डफिशसारख्या माशाला त्यासाठी दहापट किंवा त्याहून मोठा तपशील लागतो. ट्यूना, मार्लिन यांची नजर माशांमध्ये फार तीक्ष्ण, तरी ते माणसाच्या मागेच. आता ०.३० मिलिमीटरची दोरी एक फुटावरून पाहिली तर ती साधारण साडेतीन मिनिटांची होते, एक मीटरवरून एका मिनिटाची. मंद नजरेच्या माशाला ती रेघ म्हणून ठसठशीत दिसणार नाही, पुसट सावलीसारखी जाणवेल. अर्थात इथे एक मेख आहे. दोन रेघा वेगळ्या ओळखणं आणि एकच रेघ "आहे" हे कळणं यात फरक असतो. लांबची विजेची तार आपल्याला दिसतेच, तिची जाडी मोजता आली नाही तरी. पार्श्वभूमीशी विरोध पुरेसा तीव्र असेल तर डोळ्याच्या क्षमतेपेक्षा बारीक रेघही जाणवते. म्हणून तर चमक आणि आकाशावरची गडद रेघ या दोन गोष्टी रंगापेक्षा जास्त घातक.

रंग ओळखण्यातही सगळे मासे सारखे नाहीत. गोल्डफिशच्या डोळ्यात रंग टिपणाऱ्या शंकुपेशी चार प्रकारच्या असतात आणि त्याला आपल्याला न दिसणारा अतिनील उजेडही दिसतो. लार्जमाउथ बास या माशाला दोनच प्रकार, हिरव्या आणि तांबड्याकडे झुकणारे. पुष्कळ शार्कांना एकच, म्हणजे रंगांच्या बाबतीत ते जवळजवळ आंधळे. "माशाला अमुक रंग दिसत नाही" असं कुणी सरसकट सांगितलं तर विचारा, कुठल्या माशाला?

बरं, दिसली दोरी. पुढे काय? पाण्यात दोऱ्याच दोऱ्या असतात. वेली, मुळं, शेवाळाचे तंतू, गवताची पाती. माशाला गळ, रीळ, माणूस यातलं काही जन्मतः ठाऊक नसतं. पाण्यातल्या रेघेला घाबरावं असं त्याला वाटायला काही कारण घडावं लागतं. नायलॉन जगापुढे आला १९३८ मध्ये. त्याआधी लोक घोड्याच्या शेपटीचे केस वळून, रेशमाचा पीळ घालून, रेशमाच्या किड्याच्या ग्रंथीतून ओढलेली तात भिजवून मासे गरवत होते. त्या दोऱ्या पाण्यात चांगल्याच दिसत असणार. तरी मासे लागत होते, आणि मोठे लागत होते.

पण मासा शिकतो. नेदरलँड्समध्ये तळ्यांतल्या कार्पवर झालेले प्रयोग १९७० मध्ये प्रसिद्ध झाले. एकदा गळाला लागून सुटलेला कार्प पुढे बराच काळ गळाला लागायचं टाळतो, असं त्यांत दिसलं. तो नेमकं काय ओळखतो हा वेगळा प्रश्न. दोरी, गळाचं वजन, आमिषाचं अडखळणं, यातलं काहीही असेल. ज्या तळ्यावर रोज माणसं बसतात आणि पकडलेला मासा परत सोडतात, तिथले मासे असे शिकलेले असतात. जिथे वर्षात चार माणसं येतात, तिथल्या माशापुढे तुम्ही दोरखंड टाकला तरी चालेल. जवळजवळ.

आता मूळ मुद्दा, जो मला जास्त सांगायचाय.

दोरीची ताकद तिच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, पण ताठपणा चौथ्या घाताच्या प्रमाणात. ०.४० ऐवजी ०.२० ची दोरी घेतली तर ताकद चौथ्या हिश्श्यावर येते आणि ताठपणा सोळाव्या हिश्श्यावर. ०.३० वरून ०.२२ वर आलात तरी ताकद अर्ध्याहून थोडी जास्त उरते, ताठपणा एक तृतीयांशाहूनही कमी. म्हणजे दोरी जरा बारीक केली की आमिष एकदम मोकळं होतं. ते नीट बुडतं, प्रवाहासोबत वळतं, भोवऱ्यात फिरतं, थांबतं. जाड दोरीवरचं आमिष काठीवर टोचल्यासारखं एका बाजूला ओढलं जातं.

माशांचा घास घेण्याचा प्रकार पाहिला तर हे अजून पटतं. पुष्कळ मासे आमिष चावत नाहीत, ओढून घेतात: तोंड झटकन उघडून पाण्यासकट आत शोषतात. ही ओढ तोंडापासून थोड्याच अंतरावर संपते. आजूबाजूला पडलेले दाणे सटकन आत जातात आणि गळाला अडकलेला दाणा अर्ध्यात अडतो, कारण मागे ताठ दोरी. माशाच्या दृष्टीने हा दाणा वेडा आहे. तो थुंकतो, एकदा वळसा घालतो आणि निघून जातो. वर आपल्याला फ्लोट (दोरीला बांधलेला तरंगता खुणेचा तुकडा) किंचित थरथरलेला दिसतो आणि आपण म्हणतो, "दोरी दिसली वाटतं." उथळ स्वच्छ पाण्यात झाडावर बसून मी हे तासनतास पाहिलंय. दोरी पाहून दूरवरूनच वळलेला मासा मला क्वचित दिसला. आमिष तोंडात घेऊन थुंकलेले मासे मात्र मोजता आले नाहीत.

म्हणून एक प्रयोग केला होता. मुख्य दोरी तीच, गळ तोच, शेवटचा वीतभर तुकडा एकदा ताठ फ्लोरोकार्बनचा आणि एकदा तेवढ्याच ताकदीच्या मऊ, गडद ब्रेडचा. ब्रेड पारदर्शक नव्हता. कुणीही म्हणेल तो जास्त दिसतो. तळाशी दाणे वेचणाऱ्या माशांनी तरी ब्रेडवरचा घास जास्त विश्वासाने घेतला. माझा हा एका मोसमाचा अनुभव, विज्ञान म्हणून मांडत नाही. पण तेव्हापासून तळाच्या आमिषासाठी मी दिसण्यापेक्षा मऊपणा आधी बघतो.

इथेच तुमच्या मित्राचं गुपित असू शकतं. त्याच ताकदीचा ब्रेड नायलॉनच्या निम्म्याहून बारीक असतो आणि कितीतरी मऊ. उलट फ्लोरोकार्बन त्याच जाडीच्या नायलॉनपेक्षा सहसा ताठ असतो. तुम्ही "न दिसणारी" म्हणून जाड फ्लोरोकार्बन लावली असेल तर चमक थोडी वाचवलीत आणि आमिषाची चाल घालवलीत. आधी तुमच्या लीडरची जाडी सांगा, मग बोलू.

आता दुसरी बाजू, नाहीतर तुम्ही म्हणाल हा फ्लोरोकार्बनचा वैरी आहे. दिसण्याने फरक पडतो याचा सर्वांत भक्कम पुरावा गळाच्या नव्हे, जाळ्याच्या मासेमारीत आहे. उभ्या जाळ्यात मासा स्वतः येऊन कल्ल्यांनी अडकतो. तिथे आमिष नाही, भूक नाही. जाळं दिसलं तर आत शिरायचं त्याला काहीच कारण नाही. सुती धाग्याऐवजी नायलॉन आला, नंतर पिळाच्या नायलॉनऐवजी एकपदरी पारदर्शक तंगूस आला, आणि नितळ पाण्यात, दिवसाउजेडी पकड वाढली. अशी जाळी रात्री लावण्यामागे हेही एक कारण आहेच. लांब दोरीच्या ट्यूना मासेमारीतही तसंच. ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येला तारेचे आणि नायलॉनचे लीडर एकत्र लावून मोठी तुलना झाली, २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. नायलॉनवर मोठ्या डोळ्यांचे बिगआय ट्यूना जास्त मिळाले, आणि शार्क कमी, कारण ते नायलॉन कुरतडून सुटत होते. तीक्ष्ण नजर, निळंशार पाणी आणि स्थिर लोंबणारं आमिष असेल, तर मासा निवड करतो.

त्यावरून एक सूत्र हाती येतं. माशाला विचार करायला वेळ आणि उजेड मिळाला की दोरी महत्त्वाची. लोंबतं किंवा संथ वाहतं आमिष, नितळ पाणी, कडक ऊन, वारा पडलेला, आणि गळ खाऊन शहाणा झालेला मासा. यातलं सगळं जमून आलं तर मी बारीक फ्लोरोकार्बनच लावतो आणि दुसऱ्या कशाचा विचार करत नाही. बोटीवरून चाऱ्याचे तुकडे सोडून ट्यूनाला वर आणलंय, तेव्हा तर नक्कीच. दहा मोकळे तुकडे वाहतायत आणि अकराव्याला दोरी आहे. मासा एकेक गिळत येतो आणि अकरावा नेमका सोडतो. हे अंगावर शहारा आणणारं दृश्य आहे. पण तिथेही बारीक केलेल्या लीडरने तुकडा इतरांसारखा वाहू लागतो हा फायदा जोडीला असतोच. किती श्रेय कशाला द्यायचं, हे मलाही वेगळं काढता आलेलं नाही.

तरंगणाऱ्या नकली माशीने ट्राउट पकडणाऱ्यांचा किस्सा आणखी निराळा. पाण्यावर तरंगणारी बारीक दोरी पाण्याच्या पृष्ठभागाला खळगा पाडते आणि तो खळगा भिंगासारखा वागून तळावर दोरीच्या कितीतरी पट रुंद सावली टाकतो. पाण्यावर पळणाऱ्या लांब पायांच्या किड्यांच्या पायांखाली गोल गोल सावल्या दिसतात ना, तसंच. उथळ, उन्हाच्या पाण्यात ती सावली माशाच्या अंगावरून सरकली की तो पळतो. इथे दोरी पारदर्शक असून उपयोग नाही. ती पाण्याखाली बुडायला हवी. फ्लोरोकार्बनची घनता १.७८, पाण्याच्या पावणेदोन पट, म्हणून तो बुडेल असं वाटतं. पण बारीक दोरीला पाण्याचा ताण वर धरून ठेवतो, आणि बोटांचं तेल लागलं असेल तर ती बुडतच नाही. लीडरचा शेवटचा हातभर भाग ओल्या मातीने चोळा. फुकटचं काम आहे आणि मी पाहिलेल्या सगळ्या युक्त्यांत सर्वांत खात्रीचं.

जिथे फरक पडत नाही ते चटकन. गढूळ पाणी. रात्र. झाडोरा. झपाट्याने ओढलेला लूर, म्हणजे नकली आमिष, ज्याच्या मागे मासा रागाने किंवा भुकेने धावतो आणि निर्णय क्षणात घेतो. दातांचे मासे असतील तर तार लावावीच लागते, आणि तारेसकट ते लागतातही. रात्रीबद्दल एकच पुस्ती. समुद्रात काही रात्री सूक्ष्म जीवांमुळे पाणी हललं की निळसर उजळतं. अशा रात्री ओढलेली कुठलीही दोरी पेटलेल्या वातीसारखी दिसते, फ्लोरोकार्बनही. तेव्हा दोरी बदलण्यात अर्थ नाही. आमिष शक्य तितकं स्थिर ठेवायचं, नाहीतर घरी जाऊन झोपायचं.

दिसण्याच्या नादात स्पर्श आणि कंप विसरले जातात. वाहत्या पाण्यात ताणलेली दोरी गुणगुणते. तिच्या मागे आळीपाळीने भोवरे सुटतात. सेकंदाला अर्धा मीटर वेगाच्या पाण्यात ०.३० ची दोरी सेकंदाला साधारण तीनशे वेळा थरथरते. प्रवाह मंदावून सेकंदाला वीस सेंटीमीटरवर आला तर शंभरच्या आसपास. कार्पच्या कुळातल्या माशांना हवेच्या पिशवीपासून कानापर्यंत बारीक हाडांची साखळी असते, त्यांना हे आवाज सहज ऐकू येतात. सगळ्या माशांच्या अंगावर बाजूने जाणारी संवेदनांची रेघही असते, ती जवळची हालचाल टिपते. याहून वाईट म्हणजे थेट धक्का. तळ्यात तारेसारख्या ताणलेल्या दोरीला पोहणारा कार्प अंगाने घासला की तो असा काही सुटतो की त्याच्यासोबत आख्खा कळप जातो. तिथे दोरी दिसली असती तर उलट बरं झालं असतं. म्हणून स्थिर पाण्यात मी दोरी सैल सोडून तळाला निजवतो आणि लीडरवर गळापासून वीत-दोन वीत अंतरावर शिशाचा छोटा मणी लावतो.

आता तुम्ही करायचं काय. मुख्य दोरी तुम्हाला स्वतःला दिसेल अशी घ्या, पिवळी हवी तर पिवळी. तिच्यावरचा हलका झोल पाहून निम्मे घास कळतात. मित्राला तो फायदा मिळतोय, हेही ध्यानात घ्या. तिला वाव-दीड वाव लीडर जोडा. नितळ पाण्यात लांब, गढुळात हातभरही पुरे. तळाच्या संथ आमिषाला मऊ आणि बारीक. खडक-शिंपल्यांत फ्लोरोकार्बन, पण ती न दिसण्यासाठी नव्हे. ती घासणीला टिकते, पाणी पीत नाही आणि उन्हाने लवकर सडत नाही. नायलॉन पाणी पिऊन थोडा कमजोर होतो. वर तरंगणाऱ्या लूरला फ्लोरोकार्बन लावू नका, ती त्याचं नाक खाली ओढते. आणि फ्लोरोकार्बनची गाठ घट्ट करण्याआधी ओली करा. कोरडी आवळली तर घासून तापते आणि पहिल्याच दांडग्या माशाला सुटते. मग त्यालाही आपण "दोरी दिसली" म्हणू शकत नाही.

पटत नसेल तर मित्रासोबत एक दिवस काढा. एकाच ठिकाणी, एकाच आमिषावर, एकाच आकाराच्या गळावर बसा. तासाभराने नुसते लीडर (मित्राचा गळाजवळचा ब्रेडचा तुकडा हाच त्याचा लीडर) आपसात बदलून घ्या, माणसं जागेवरच राहू द्या. दुसऱ्या दिवशी लीडर तसेच ठेवून जागा बदला. मासे लीडरमागे गेले तर मला कळवा, मी माझं मत बदलीन. पण ते मित्रामागेच गेले, तर त्याच्या दोरीकडे पाहणं सोडून तो आमिष कसं लावतो आणि घास आल्यावर किती वेळ थांबतो, तिकडे बघा.